जास्तीची ऊब

६ जानेवारी, मंगळवार

पिल्लू आज घरी आली. वेळेच्या खूप आधी जन्मलेली, डिसेंबरभर हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती, आणि आज एकदम आमच्या हवाली. आम्ही म्हणजे कल्याणीताई, धम्मदीप भाऊजी, ताईचं बाळंतपण करायला नागपूरहून आलेली आई, आणि मी, जिला कोणी बोलावलं नव्हतं. स्कॉटलंडातल्या हॉस्टेलचा सीझन संपला, पुढचं काही ठरेना, तेव्हा बॅग उचलून लीड्सला टपकले. लॉटरीत लागलेला दोन वर्षांचा व्हिसा आहे. मुक्त विद्यापीठाची रडतखडत झालेली बी.ए. आहे. भाऊजी म्हणतात, "अक्षया, तुझ्याकडे सगळं आहे, फक्त प्लॅन नाही." बरोबरच आहे.

निघताना नर्सने एकच गोष्ट तीनदा सांगितली. बाळाचं अंग साडेछत्तीसच्या खाली गेलं तर फोन करा, वर आलं नाही तर घेऊन या. एवढी लहान बाळं थंडीशी झगडत बसली की दूध पचवायची ताकद उरत नाही. खोली सोळा ते वीसमध्ये ठेवा.

लीड्सच्या आर्मली भागातलं हे घर शंभर वर्षं जुनं, नुसत्या विटांचं, भाड्याचं. वरच्या मागच्या खोलीत संध्याकाळी भिंतीवरचा गरम पाण्याचा रेडिएटर फुल्ल आणि थर्मामीटर चौदावर. पिल्लूच्या काखेत छत्तीस पॉइंट तीन. ताई रडायलाच लागली. आईने ब्लाउजची बटणं काढली, पिल्लूला टोपीसकट छातीशी धरलं, वरून दोन शाली. तासाभराने अंग वर आलं. तोवर आम्ही कोणी बसलोसुद्धा नाही.

किती लहान आहे ती. माझ्या ट्रेकिंगच्या बुटात मावेल. असलं काही मनात यायला नको होतं, पण आलं.

७ जानेवारी

बाहेर शून्य, खोलीत तेरा. भाऊजींनी इलेक्ट्रिक हीटर आणला. दुपारी जळका वास आला म्हणून पाहिलं तर प्लग तपकिरी झालेला. तिथली वायरिंगही घराएवढीच जुनी असणार. हीटर लगेच बाहेर. घरमालक म्हणतो, बॉयलरची सर्व्हिस परवाच झाली, माझ्याकडून सगळं ओके. पुढची खोली बदलून बघितली, ती याहून गार.

जेवताना आई म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पाहिजे. सव्वा महिना धुरी द्या, शेक द्या, पोरगी कशी टणटणीत होते पाहा. या दोघींलेही मी तसंच वाढवलं."

भाऊजी म्हणाले, "आई, इथे निखारे नकोत. स्मोक अलार्म आहे, घरमालक आहे. प्लीज."

"अलार्मले तं तुम्हीच टोपी घातली ना, जावई."

ते खरं आहे. फोडणी टाकली की जिन्यातला अलार्म बोंबलतो म्हणून त्याला कायमची शॉवर कॅप घातलेली आहे. भाऊजी ओशाळून हसले. "ते वेगळं. तुम्ही प्रॉमिस करा, नाही म्हणजे नाही."

आई म्हणाली, "बरं बापा." विषय तिथेच संपला.

८ जानेवारी

आज एक काम केलं, आणि अर्धवट सोडलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

हॉस्टेलवाल्या हॅमिशने मला खोलीची ऊब मोजायला शिकवली होती. त्याच्या बारा खोल्यांत तो दर ऑक्टोबरला टेप घेऊन फिरायचा आणि गेल्या ऑक्टोबरात टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. तो म्हणायचा, किती गरम करायचंय हे आधी विचारू नकोस, किती गळतंय ते विचार. खोली म्हणजे गळका माठ. जेवढं गळतं तेवढं ओतलं की पातळी टिकते. बाहेरच्या भिंतीतून किती, खिडकीच्या काचेतून किती, छतातून किती, आणि हवेबरोबर किती. चौघांची बेरीज म्हणजे रेडिएटरने द्यायची ऊब. (हॅमिशकडे एक डोळा नसलेली मांजर होती, तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

तर मोजलं. ताई पिल्लूला पाजत होती, मी भिंतींवर टेप लावत होते. दोन भिंती बाहेरच्या, विटा उघड्या. खिडकी एका काचेची. बाहेर उणे दोन धरलं, आत वीस. बेरीज आली सोळाशे वॅटच्या वर. रेडिएटरची लांबी-उंची मोजून इंटरनेटवर पाहिलं, तो देतो कसाबसा हजार-अकराशे. म्हणजे खोली तेराच्या आसपास अडकणार, कितीही चालवा. अगदी तसंच तर होतंय! कागदावर तोच आकडा पाहून मला आधी आनंद झाला. मग पिल्लूचे निळसर हात दिसले.

भिंती मी बदलू शकत नाही. काच बदलू शकत नाही. पण चौघांतला मोठा चोर हवा आहे. खिडकीच्या फटी, वरच्या चौकटीतली झरोक्याची पट्टी, आणि सगळ्यात मोठी, जुनी फायरप्लेस. चिमणी थेट आकाशापर्यंत उघडी. हात आत घातला तर थंड वारा मनगटाला चाटून गेला. ते सगळं बंद केलं तर गळती हजार-अकराशेवर येते. म्हणजे आहे तो रेडिएटर पुरतो!

९ जानेवारी

केलं. खिडकीच्या फटी चिकट टेपने बंद, झरोक्यावर टेप, दाराखाली टॉवेल. चिमणीत कोंबायला काही मिळेना. शेवटी माझी स्लीपिंग बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि हात खांद्यापर्यंत आत घालून वर ठासली. खालून वाकून पाहिलं तरी दिसत नाही, फक्त काळोख दिसतो. ती बॅग डोंगरात, बोटीवर, स्टेशनवर, सगळीकडे माझ्याबरोबर होती. आता काही दिवस कुठे जायचं नाही, हे मी बहुधा अशा रीतीने ठरवलं.

ताई आणि पिल्लू तपासणीला गेल्या होत्या, आई खाली डिंकाचे लाडू वळत होती. हात काळे झालेले बघून म्हणाली, "काय करून राह्यली वं वरतं?"

"हवा बंद करतेय."

"कर, कर. बाळंतिणीले वारा नाही लागला पाहिजे." आणि माझ्या तोंडात लाडू कोंबला.

११ जानेवारी, रविवार

एकोणीस! एकोणीस! बाहेर उणे एक आणि आत एकोणीस, सलग दोन दिवस. कागदावर एकोणीसच होता. पिल्लूचं अंग छत्तीस आठ. ताई काल पहिल्यांदा चार तास सलग झोपली.

भाऊजी म्हणाले, "हे तू शिकलीस कुठे? इथे घरं गरम करायचे हीट पंप बसवणारे यासाठी माणसं शोधत असतात. कोर्स कर." मी दुपारभर कोर्सच बघत बसले. घरोघर टेप घेऊन जायचं, प्रत्येक घर वेगळं, रोज नवी गल्ली. हे काम मी सोडून पळणार नाही असं वाटतंय. मग कोर्स बघता बघता कॉर्नवॉलमधल्या दीपगृहात राहणाऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ लागला आणि संध्याकाळ गेली.

१३ जानेवारी

बाहेर शून्य. आत एकवीस. कागदावर एकोणीस असायला हवं होतं. टेप जास्तच घट्ट बसला असेल. चांगलंच आहे.

आईला भजी कर म्हटलं तर म्हणाली कढई सापडत नाही. एवढी मोठी लोखंडी कढई जाईल कुठे? नागपूरहून बॅगेत घालून आणलेली, विमानतळावर तिच्यासाठी भांडलेली.

पिल्लूची मालीश, आंघोळ, मग आई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून तिला शेकते. जिन्यापासून ओव्याचा वास येतो. लहानपणाचा वास. आई खोलीचं दार लावून घेते, म्हणते "वारा लागते."

१४ जानेवारी

ताईचं डोकं धरलंय. रात्रभर पाजणं, दुसरं काय होणार. आई म्हणाली, "झोप वं तू, मी आहे ना." दोघी दुपारपर्यंत झोपल्या, पिल्लूसुद्धा. आधी ती दर दोन तासांनी किंचाळायची, आता उठवावं लागतं. ताई म्हणते, अखेर घरी रुळली. मलाही तसंच वाटलं. मग वाटलं की एवढी शांत बरी का? भीती वाटायला काही कारण नाही, आणि तरी मी तिच्या नाकाजवळ बोट धरून आले.

बाहेर उणे एक. आत बावीस.

१५ जानेवारी

ताईला उलटी झाली. आई म्हणते लाडूचं तूप बाधलं. आईलाही मळमळतंय. भाऊजींनी हेल्पलाइनला फोन लावला, पिल्लू दूध कमी पितेय म्हणून. त्यांनी तापाचं विचारलं. ताप नाही. हात-पाय गरम? हो, छान गरम. गुलाबी? हो, उलट जास्तच गुलाबी दिसतेय. मग म्हणाले, झोपलेली असली तरी तीन तासांनी उठवून पाजा, उद्या हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येऊन बाळ तपासणारी नर्स, येईल.

मी सकाळी त्या खोलीत ताईचे पाय चेपत बसले होते. आई नुकतीच शेकून खाली गेलेली. थोड्या वेळाने माझंही डोकं जड झालं, टोपी घट्ट बसावी तसं. मला पण लागण झाली म्हणून घाबरले, मी इथे जंतू आणले असतील तर? जॅकेट घालून कालव्याकडे चालत सुटले. अर्ध्या तासात डोकं साफ. म्हणजे लागण नाही. खंड्या दिसला, निळा, काठीसारखा सरळ उडत गेला.

आत तेवीस. हे मात्र मला आवडलं नाही. बाळाला वीसच्या वर नको म्हणतात, म्हणून रेडिएटर कमी केला. आणि दुसरं, हिशेब बसत नाही. हॅमिश म्हणायचा, आकडा कमी आला तर भोक शोध. जास्त आला तर काय शोधायचं, ते त्याने कधी सांगितलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार. हॉस्पिटल

कालचं लिहायचं आहे. लिहितेच, नाहीतर तेच तेच डोक्यात फिरत राहील.

काल सकाळी बाहेर उणे चार. भाऊजी मँचेस्टरच्या ऑफिसला गेले होते. मी जिन्यात बसून गणित घातलं. रेडिएटर अर्धा केलेला, बाहेर इतकी थंडी, खोली बारा-तेरावर यायला हवी होती. ताईने आतून ओरडून आकडा सांगितला: "चोवीस गं, छान आहे." तिचा आवाज जाड येत होता.

पाच-सहाशे वॅट जास्तीचे. कुठून आले? माणसं मोजली. एक माणूस शंभराच्या आसपास ऊब देतं, पिल्लूची अगदी थोडी. दिवा मोजला. ऊन नव्हतंच. तरी बसेना. एखादी गोष्ट खोलीत आहे आणि मी ती मोजलेली नाही.

आणि इथे मी काय केलं? उठून कालव्यावर गेले. दुरुस्तीसाठी एका लॉकमधलं, म्हणजे बोटी वर-खाली करायच्या हौदातलं, पाणी उपसलंय, तळ बघायला लोकांना सोडतात, असं बोर्डावर वाचलं होतं. वाटलं, चालताना सुचेल. तळाशी चिखल, सायकली, एक ट्रॉली, कुणाची तरी खुर्ची. मी खुशाल बघत उभी राहिले. शेजारी कालव्यातली एक बोट होती, तिच्या धुराड्यातून पांढरा धूर सरळ वर जात होता. गेल्या उन्हाळ्यात मी अशाच बोटीवर राहिले होते. मालक पहिल्याच दिवशी स्टोव्हजवळचं विषारी गॅस ओळखणारं यंत्र दाखवून म्हणाला होता, धुराडं बंद असताना इथे निखारा पेटवलास तर डोकं दुखेल, झोप येईल, आणि उठणार नाहीस.

डोकं. झोप. ओव्याचा वास. कढई.

मी घरापर्यंत धावले. धावताना तोंडातून "नाही, नाही" असा आवाज येत होता, माझाच.

दार ढकललं तर टॉवेलमुळे अडकलं, खांद्याने उघडलं. आई फायरप्लेससमोर बसल्या बसल्या भिंतीला कलंडलेली. तिच्यापुढे, फायरप्लेसमध्ये नीट ठेवलेली लोखंडी कढई, आणि तिच्यात राखेखाली लालबुंद निखारे, वर ओवा आणि लसणाची सालं. अंगणातल्या शेडमधला बार्बेक्यूचा कोळसा. पलंगावर ताई, छातीवर पिल्लू, दोघी गुलाबी, सुंदर, आणि हलत नव्हत्या.

पिल्लूला उचललं. मान लोंबली. टेप फाडायला वेळ नव्हता, स्टुलाने खिडकीची काच फोडली. पिल्लूला जॅकेटमध्ये घालून अंगणात नेलं, फोन लावला, गार लादीवर ठेवून तिच्या तोंडावर फुंकर घालत होते, आणि उणे चारची ती हवा, जिला आम्ही दहा दिवस घाबरलो, ती तिच्या नाकात जावी म्हणून रडत होते. शेजारच्या मधुमतीकाकू गाऊनवरच आल्या, त्यांनी पिल्लूला घेतलं. मी वर जाऊन ताईला ओढलं, मग आईला. आई पुटपुटत होती, "दार लाव, वारा लागते."

१८ जानेवारी

पिल्लूने आज पहाटे डोळे उघडले. दूध तोंडाने घेतलं, थोडं. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड, निखाऱ्यांचा तो विषारी गॅस ज्याने त्या गुलाबी दिसत होत्या, ऑक्सिजनने उतरलाय, पण डॉक्टर म्हणाल्या, मेंदूला किती लागलं ते आत्ता कळणार नाही. स्कॅन होईल, मग काही महिने नजर ठेवायची. ती हसते का, मान धरते का, आवाजाकडे वळते का. म्हणजे आमची भीती संपलेली नाही, तिला फक्त लांब मुदत मिळाली.

ताई पलंगावर पिल्लूला घेऊन होती, मास्क काढलेला. आई खुर्चीत. भाऊजी खिडकीशी, दोन दिवसांत कोणाशी धड बोललेले नाहीत. डॉक्टर मराठी दुभाष्याला फोनवर मिळवायचा प्रयत्न करत होत्या, मिळेना. मग माझ्याकडे वळल्या. त्यांना आत्ता माहिती हवी होती: निखारे किती दिवस, रोज किती वेळ, आणि हवा खेळती होती का.

मी आईला विचारलं. आईने भाऊजींकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"सोमवारपासून. रोज आंघोळीनंतर, कल्याणीचा डोळा लागला की, निखारे विझेपर्यंत. मग कढई खाली नेऊन लपवून ठेवत होती." मग मान वर करून, "जावई, मी शब्द मोडला तुमचा. पण मी काही खुळी नाही. तिले थंडी वाजून राह्यली होती. खोलीत चूल होती ना गोऱ्यांची! म्हणून तं कढई तिथं ठेवली. धूर वरतं जाते. मग असं कसं झालं?"

भाऊजींनी पाठ फिरवली.

"सांग ना त्यायले," आई मला म्हणाली. "चिमणी होती म्हणा. एवढंच सांग."

ती चिमणी उघडी आहे असं तिला अजून वाटत होतं. आत वाकून कोणी बघितलं नव्हतं, आणि बघितलं असतं तरी काळोखच दिसला असता. मला कळत होतं की मी फक्त तिचं वाक्य इंग्लिशमध्ये केलं तर सगळं तिच्यावरच राहील, अडाणी म्हातारी, खेडवळ रीत, आणि कोणी मला काही विचारणारसुद्धा नाही. उद्या बॅग भरून मी कुठेही जाऊ शकते.

मी डॉक्टरांना सोमवारपासूनचं सांगितलं. मग सांगितलं की तिने कढई चिमणीखाली ठेवली होती, कारण चिमणी उघडी आहे असं ती समजत होती. चिमणी मी बंद केली होती. स्लीपिंग बॅग कोंबून, वर, जिथून दिसत नाही. झरोका मी बंद केला. खिडकी, दार, सगळं. मी गणित केलं होतं. कोणाला नीट सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. पेनचा आवाज ऐकू येत होता.

ताईला इंग्लिश कळतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पिल्लूला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या.

आई मात्र माझ्याच तोंडाकडे बघत होती. "इतकं लंबं काय सांगितलं वं?" ती म्हणाली. "मी तं एकच गोष्ट बोलली."

मी तिच्या खुर्चीपाशी खाली बसले, आणि मराठीत पहिल्यापासून सुरुवात केली.